स्पार्क्स: दोन भाऊ आणि चौपन्न वर्षांच्या तबकड्या

कंदील | शुक्र, ३०/०५/२०२५ - २२:४०

मागच्या शुक्रवारी, २३ मेला, स्पार्क्सची 'मॅड!' ही नवी तबकडी आली. तेव्हापासून मी दुसरं काही ऐकलेलं नाही. गाणी लिहिणारा रॉन मेल ७९ वर्षांचा आहे, गाणारा रसेल मेल ७६ वर्षांचा. सख्खे भाऊ, लॉस एंजेलिसचे. पहिली तबकडी १९७१ची. इतक्या वर्षांत वादक आले-गेले, कंपन्या बदलल्या, पण हे दोघं एकमेकांपासून एकदाही वेगळे झाले नाहीत. पाश्चात्त्य संगीतावर इथे बरेच धागे निघतात, या दोघांवर मात्र एकही सापडला नाही, म्हणून हा प्रपंच.

त्यांची गोष्ट सांगताना बहुतेक जण चढ-उताराचा आलेख काढतात: १९७४ला गाजले, मग पडले, १९७९ला पुन्हा गाजले, पुन्हा पडले. तबकड्या ओळीने ऐकल्या की मला तो आलेख ऐकू येत नाही. मला ऐकू येतात दोन कारागीर. आधीच्या तबकडीत जे जमलं ते तिथेच ठेवून पुढच्या वेळी नव्या हत्याराने काम करणारे. खप शून्य असो की लाखांत, मेहनतीचं माप तेच. हे म्हणणं पुराव्यानिशी मांडायचा प्रयत्न करतो.

सुरुवातीला बँडचं नाव हाफनेल्सन. पहिली तबकडी टॉड रंडग्रेन या निर्मात्याने केली, बेअर्सव्हिल कंपनीसाठी. विकली गेली नाही. कंपनीचा मालक अल्बर्ट ग्रॉसमन याला हे दोघं मार्क्स ब्रदर्ससारखे वाटले, म्हणून त्याने 'स्पार्क्स ब्रदर्स' नाव सुचवलं. यांनी त्यातलं 'स्पार्क्स' तेवढं घेतलं. तीच तबकडी १९७२ला नव्या नावाने पुन्हा काढली. दुसरी 'अ वूफर इन ट्वीटर्स क्लोदिंग'. तीही पडली. अमेरिकेत कुणी विचारीना, इंग्लंडात मात्र थोडी कुजबुज होती. मग १९७३ला दोघं भाऊ लंडनला गेले, आयलंड कंपनीशी करार केला आणि 'मेलडी मेकर' साप्ताहिकात जाहिराती देऊन नवे वादक मिळवले.

मे १९७४ला 'किमोनो माय हाऊस' आली. मुखपृष्ठावर बँडचं नाव नाही, तबकडीचं नाव नाही. किमोनो घातलेल्या दोन जपानी अभिनेत्री, एकीचा चेहरा हसण्यात वेडावाकडा झालेला, बस. यातलं 'धिस टाउन एंट बिग इनफ फॉर बोथ ऑफ अस' ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पियानोची धडधड हळूहळू जवळ येते, रसेलचा आवाज एकदम टिपेला जातो, मध्येच पिस्तुलाचा बार उडतो. दूरदर्शनवर रसेल कुरळे केस उडवत नाचतोय, आणि शेजारी रॉन: तेल लावून चापून बसवलेले केस, टाय, ओठावर चार्ली चॅप्लिनसारखी मिशी, आणि कॅमेऱ्यावर रोखलेले डोळे. हलत नाही. त्या काळात ब्रिटनमध्ये लहान असलेले लोक आजही त्या डोळ्यांबद्दल बोलतात.

या गाण्याची पट्टी हा स्वतंत्र विषय आहे. रॉन गाणी पेटीवर, म्हणजे त्यांच्या भाषेत कीबोर्डवर, रचतो. ती गळ्याला झेपतील का, हा विचार तो करत नसे. हे गाणं त्याने ए या सुरात रचलं आणि त्याच सुरात गायलं जाईल यावर ठाम राहिला. पट्टी उतरवायची सोय नाही म्हटल्यावर रसेलला खोट्या आवाजात वर चढावं लागलं. ज्या आवाजाने स्पार्क्स ओळखले जातात, तो असा एका भावाच्या हट्टातून आणि दुसऱ्याच्या चिवटपणातून आला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात 'प्रोपगंडा', पुढच्या वर्षी टोनी व्हिस्कॉन्टी या निर्मात्याबरोबर 'इंडिस्क्रीट'. इथे गिटारच्या जोडीला एकदम बँडबाजा आणि जुन्या पद्धतीचं स्विंग आलं. चाहते गोंधळले. मग अमेरिकेत परत, दोन तबकड्या, दोन्ही थंड. त्यातल्या दुसरीचं नाव 'इंट्रोड्यूसिंग स्पार्क्स', म्हणजे सातव्या तबकडीत स्वतःची ओळख.

आणि मग १९७९. डॉना समरचं 'आय फील लव्ह' ऐकून दोघांना गिटारचा रॉक शिळा वाटू लागला होता. एका जर्मन पत्रकाराशी बोलताना ते त्या गाण्याचा निर्माता जॉर्जिओ मोरोडर याचं कौतुक करून गेले, तो पत्रकार निघाला मोरोडरचा मित्र, आणि भेट ठरली. 'नंबर वन इन हेवन': फक्त सहा गाणी, गिटार काढून टाकलेली, सगळीकडे सिंथेसायझर, आणि त्याखाली कीथ फोर्सीचे खरेखुरे ड्रम. रॉक बँडने डिस्को करणं तेव्हा अनेकांना बाटल्यासारखं वाटलं. पुढे १९८०च्या दशकात एक गाणारा आणि एक कळा दाबणारा अशा जोड्यांचं पीक आलं, त्याचा नांगर इथे फिरला होता, असं माझं ठाम मत आहे.

ऐंशीचं दशक थोडक्यात: 'टर्मिनल जाइव्ह'मधलं 'व्हेन आय'म विथ यू' फ्रान्समध्ये प्रचंड चाललं. 'अँगस्ट इन माय पँट्स' आणि 'इन आउटर स्पेस'मुळे अमेरिकेत, मुख्यतः लॉस एंजेलिसात, तरुण श्रोते मिळाले. गायिका जेन वीडलिनबरोबरचं 'कूल प्लेसेस' १९८३ला अमेरिकेच्या यादीत ४९व्या क्रमांकावर गेलं, आणि तिथलं त्यांचं सर्वोच्च स्थान तेच. १९८८च्या 'इंटीरियर डिझाइन'नंतर सहा वर्षं तबकडीच नाही. ती वर्षं एका जपानी चित्रकथेवरच्या सांगीतिक चित्रपटात गेली. टिम बर्टन दिग्दर्शक होणार होता. तो चित्रपट झालाच नाही. त्याआधी सत्तरच्या दशकात फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीबरोबरचा एक चित्रपट असाच बारगळला होता.

पुढचं प्रतिसादांत लिहीन. फक्त एवढं सांगतो, २०१७ची 'हिपोपोटॅमस', २०२०ची 'अ स्टेडी ड्रिप, ड्रिप, ड्रिप' आणि २०२३ची 'द गर्ल इज क्राइंग इन हर लाटे', तिन्ही ब्रिटनमध्ये नेमक्या सातव्या क्रमांकावर गेल्या. नवी 'मॅड!' त्याहून वर गेली आहे. साठीत, सत्तरीत केलेल्या कामाला हे मिळालंय. तुमच्यापैकी कुणी ऐकतं का यांना?

---

शेवटची_लोकल | शुक्र, ३०/०५/२०२५ - २३:५५

वाचनखूण साठवली. नाव फक्त ऐकून होतो. एडगर राइटने २०२१ला यांच्यावर माहितीपट केला होता ना, 'द स्पार्क्स ब्रदर्स'? त्याची जाहिरात पाहिली होती, चित्रपट राहून गेला.

एक प्रश्न. इतक्या तबकड्या आहेत, तर नवख्याने हात कुठून घालावा? आणि तुम्ही हे खऱ्या तबकडीवर ऐकता की फोनवर?

---

गिरगावचा_खलाशी | शनि, ३१/०५/२०२५ - ०७:१५

कंदील, तुमच्या लेखाने सकाळ उजाडली म्हणा.

मी १९७९ला मर्चंट नेव्हीत ज्युनियर इंजिनियर होतो. आमचं जहाज हॅम्बर्गला लागलं होतं. बंदरात तबकड्यांचं एक दुकान होतं, तिथे आतून गाणं वाजत होतं. सुरुवातीला संथ, ढगातून यावं तसं, बायकांचे आवाज मागे, आणि मग निम्म्यावर एकदम वेग घेऊन धावतच सुटलं. मी दारात उभा राहून पूर्ण ऐकलं. 'द नंबर वन साँग इन हेवन'. त्याची बारा इंची तबकडी घेतली. ती रंगीत होती, माझी हिरवी. काळ्याशिवाय दुसऱ्या रंगाची तबकडी मी तोवर पाहिली नव्हती.

जहाजावर वाजवायची सोय नव्हती. चार महिने ती गादीखाली, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. घरी आल्यावर चाळीतल्या आमच्या जुन्या चेंजरवर लावली. सुई उडायची, म्हणून टोनआर्मच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचो. (तरुणांनी हे करू नये, खाचा झिजतात.) आईने विचारलं, गाणं कशाबद्दल आहे? मी सांगितलं, स्वर्गात सगळ्यात लोकप्रिय असलेलं गाणं, खुद्द देवाने रचलेलं, पण ते नीट ऐकायचं तर आधी मरावं लागतं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मग चाल बरोबर आहे, आधी सावकाश आणि मग सुटका.

ती गेली त्याला आता बावीस वर्षं झाली. तबकडी आहे. या गाण्याचं याहून चांगलं रसग्रहण मी कुठे वाचलेलं नाही.

---

ओवी | शनि, ३१/०५/२०२५ - ११:३०

लेख आवडला, पण थोडा विरोधी सूर लावते.

मी काल रात्री यांची आठ-दहा गाणी ऐकली. हुशारी जागोजाग दिसते. शब्दांचे खेळ, विषय विचित्र, चाल कधी कुठे वळेल सांगता येत नाही. पण माझ्या आत काही हललं नाही. गाणं मला आधी लागलं पाहिजे, मग कळलं पाहिजे. इथे सगळं आधी कळतं. शिवाय तो टिपेचा आवाज सलग दोन-तीन गाण्यांनंतर मला सोसत नाही. सगळं काचेच्या कपाटात मांडल्यासारखं, बघायचं, हात लावायचा नाही.

माझं काही चुकत असेल तर नक्की सांगा, मी मनापासून विचारते आहे.

---

कंदील | शनि, ३१/०५/२०२५ - १४:०५

@खलाशीकाका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आईंचं वाक्य मी कायम लक्षात ठेवेन.

@ओवी, तुमचा आक्षेप खरा आहे आणि अनेकांचा आहे. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. माझं मत एका गाण्याने बदललं, म्हणून तेवढंच सांगतो.

'किमोनो माय हाऊस'वर 'हिअर इन हेवन' आहे. रोमिओ-ज्युलिएटसारख्या एका जोडप्याने एकत्र जीव द्यायचं ठरवलेलं. त्याने उडी घेतली. तिने नाही घेतली. तो आता स्वर्गात बसून तिची वाट बघतोय आणि तिला बोलतोय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. चौथ्या-पाचव्यांदा लक्षात आलं की हा माणूस अनंतकाळ एकटा आहे, आणि तिने मरावं असं त्याला वाटतंय की तिने जगावं, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाहीये. रॉनच्या गाण्यांत विनोद दाराशी उभा असतो. आत शिरल्यावर खोलीत बहुधा एकच माणूस बसलेला सापडतो, आणि तो बाहेर राहिलेला असतो.

पुढच्या तबकडीत 'बॉन व्हॉयाज' आहे. नोहाच्या तारवात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांचा निरोप. तारू निघालंय, पाणी चढतंय, आणि हे काठावरून हात हलवतायत. पुराणातली गोष्ट आपण कायम तारवातल्यांच्या बाजूने ऐकतो. १९९४चं 'व्हेन डू आय गेट टु सिंग माय वे' घ्या: सगळ्यांना आपापल्या आयुष्याचं विजयगीत गाऊन झालंय, माझी पाळी कधी? हे गाणं सहा वर्षांच्या मौनानंतर आलं आणि जर्मनीत गाजलं. २०१७च्या 'हिपोपोटॅमस'वर लोकांच्या बारीकसारीक मागण्यांनी वैतागलेला देव आहे. नव्या 'मॅड!'वर 'जॅन्सपोर्ट बॅकपॅक' ऐका. ती मुलगी निघून जातेय आणि त्याला दिसतेय फक्त तिच्या पाठीवरची बॅग.

यांचे वडील व्यंगचित्रकार होते, वृत्तपत्रात काम करायचे. रॉन अकरा वर्षांचा आणि रसेल आठ वर्षांचा असताना ते गेले. त्यावरून गाण्यांचे अर्थ काढायचा मोह मी आवरतो, कारण दोघं भाऊ खाजगी आयुष्याबद्दल जवळजवळ बोलतच नाहीत, आणि त्याचा मान राखावा असं मला वाटतं. पण व्यंगचित्रकाराचा मुलगा ओळ कशी ओढतो, ते गाण्यांत दिसतं. दोन रेघांत माणूस उभा करायचा आणि छायेचा भाग कोरा सोडायचा.

आवाजाचा त्रास होत असेल तर 'प्रोपगंडा'वरचं 'नेव्हर टर्न युवर बॅक ऑन मदर अर्थ' आधी ऐका. संथ आहे, रसेल सरळ गातो, कसलीही करामत नाही.

@शेवटची_लोकल, माझ्याकडे नऊ तबकड्या आहेत, बाकीचं फोनवर. सुरुवात 'किमोनो'पासून करा, लगेच नंतर 'नंबर वन इन हेवन', आणि तिसरी 'लिल बेथोव्हेन' (२००२). या तीन एकाच जोडीने केल्यात यावर विश्वास बसत नाही, आणि मग मधल्या वाटा शोधाव्याशा वाटतात.

---

थेम्सकाठी | शनि, ३१/०५/२०२५ - २१:२०

२००८च्या उन्हाळ्यात मी लंडनमध्ये शिकत होतो. तेव्हा यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे लिहायलाच हवं.

एकविसावी तबकडी 'एग्झॉटिक क्रीचर्स ऑफ द डीप' येणार होती. त्याआधी त्यांनी जाहीर केलं की वीस रात्री वीस तबकड्या वाजवणार, रोज एक, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, निघाल्या त्या क्रमाने, इस्लिंग्टनच्या अकादमीत. आणि एकविसाव्या रात्री नवी तबकडी, शेपर्ड्स बुश एम्पायरमध्ये. हिशेब करा, गाणी अडीचशेच्या घरात जातात. त्यातली कित्येक त्यांनी स्वतःच तीस वर्षांत वाजवली नव्हती. वादकांना सगळी शिकवायची, महिनोन्‌महिने तालमी, आणि बरीचशी एकदाच वाजणार, त्या एका रात्री.

माझ्या खिशाला एकच तिकीट झेपत होतं. मित्र म्हणाला, 'किमोनो'ची रात्र घे. ती संपली होती. मिळाली ती पंधरावी रात्र, 'इंटीरियर डिझाइन'. चाहत्यांच्या याद्यांत ही तबकडी नेहमी तळाशी असते. मी थोडा नाराज होऊन गेलो.

रॉनच्या कीबोर्डवर 'रोलँड' या कंपनीच्या नावाची अक्षरं इकडची तिकडे करून 'रोनाल्ड' लिहिलेलं असतं, ते मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. आणि मग ती रात्र. कुठेही "हे एकदाचं उरकू या" असं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी कुणी न घेतलेली गाणी दोघं अशी गात-वाजवत होते की जणू ती कालच लिहिली आणि उद्या सगळ्यांच्या तोंडी असणार आहेत. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या, त्या पंधराही रात्री आल्या होत्या. शब्द न् शब्द पाठ.

कंदील, तुम्ही "मेहनतीचं माप तेच" असं लिहिलंत, ते वाचून मला ही रात्र आठवली. आणि त्या तबकडीबद्दल एक गोष्ट जोडतो: ती रसेलच्या घरी नव्यानेच उभ्या केलेल्या स्टुडिओत झालेली. तबकडी म्हणून अशक्त असेल, पण घरचा स्टुडिओ झाल्यावर त्यांना कुणाकडे तासाच्या भाड्याने जागा मागायची गरज उरली नाही. पुढे कंपनी नसली तरी काम थांबलं नाही, ते त्यामुळेच. त्यांची सगळ्यात कमी आवडलेली तबकडी आणि त्यांचं स्वातंत्र्य एकाच खोलीत सुरू झालं.

---

खारी_बिस्किट | रवि, ०१/०६/२०२५ - ०९:४०

थेम्सकाठी, भारी प्रतिसाद! पंधराव्या रात्रीचं वाचून अंगावर काटा आला.

मी यांच्याकडे 'अनेट'मुळे आले. लिओस कराक्सचा चित्रपट, २०२१च्या कान महोत्सवाची सुरुवात त्यानेच झाली आणि दिग्दर्शनाचा पुरस्कारही मिळाला. कथा आणि संगीत स्पार्क्सचं. पहिल्याच दृश्यात दोघं भाऊ स्टुडिओत बसलेत, आणि सगळे कलाकार उठून गात रस्त्यावर चालू लागतात. मुळात ही त्यांच्या तबकडीसाठी लिहिलेली गोष्ट होती म्हणे? फ्रान्सचा सेझार पुरस्कारही संगीतासाठी मिळाला त्यांना. तातीचा चित्रपट बुडाला, बर्टनचा बुडाला, त्यानंतर इतक्या वर्षांनी हा तडीला गेला. मला त्याचा फार आनंद झाला होता, कुणी घरचं माणूस पास व्हावं तसा.

---

कंदील | रवि, ०१/०६/२०२५ - १०:१०

हो, खारी_बिस्किट. आधी तबकडी म्हणूनच रचलेली. त्याचीही एक पूर्वपीठिका आहे. २००९ला स्वीडिश रेडिओने त्यांच्याकडून एक सांगीतिक श्रुतिका करून घेतली, 'द सिडक्शन ऑफ इंगमार बर्गमन'. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमन कसा तरी हॉलिवूडला जाऊन पोचतो आणि तिथून सुटायची धडपड करतो, अशी कल्पना. गाण्यांतून सलग गोष्ट सांगायचा हात तिथे बसला. रेडिओवाल्यांनी मागितलं नसतं तर 'अनेट' कदाचित झाला नसता.

---

म्युनिकची_माया | रवि, ०१/०६/२०२५ - १५:३०

लहानशी भर. मी म्युनिकच्या बोगनहाउझेन भागात राहते. मोरोडरचा म्युझिकलँड स्टुडिओ इथल्या अराबेलाहाउस या प्रचंड इमारतीच्या तळघरात होता. स्पार्क्सची १९८१ची 'व्हॉम्प दॅट सकर' तिथे झाली, माक या निर्मात्याबरोबर, ज्याने क्वीन या बँडबरोबरही तिथेच काम केलं.

वरून ती इमारत म्हणजे शेकडो खिडक्यांची पांढरी भिंत. रोज कामाला जाताना शेजारून जाते. स्टुडिओ कधीच बंद झाला. पण 'नंबर वन इन हेवन' ऐकत त्या भिंतीखालून संध्याकाळी चालत गेलं की तो यंत्राचा ठेका या शहराचा का आहे ते कळतं. सगळं सरळ, स्वच्छ, वेळेवर, आणि त्यात एक माणूस जिवाच्या आकांताने वर गातोय.

---

सह्यकडा | रवि, ०१/०६/२०२५ - २०:४५

'लिल बेथोव्हेन'बद्दल कुणी लिहीना, म्हणून मी लिहितो. माझ्यासाठी तीच त्यांची सर्वोत्तम.

२००० सालच्या 'बॉल्स'पर्यंत नाचाच्या ठेक्याची गाणी होती. इथे त्यांनी ठेकाच काढून घेतला. पहिल्याच गाण्यात, 'द ऱ्हिदम थीफ'मध्ये, गाणारा सांगतो की ठेका मी चोरलाय, आता निरोप घ्या त्याचा. उरलं काय, तर तंतुवाद्यांसारखे वाजणारे कीबोर्ड, पियानो, आणि रसेलच्या आवाजावर आवाज चढवून केलेला समूह. ड्रम जवळजवळ नाहीतच.

त्यात 'माय बेबीज टेकिंग मी होम' आहे. एकच ओळ. शंभराहून जास्त वेळा. मध्ये थोडं बोलणं, बाकी तीच ओळ. पाश्चात्त्य समीक्षक याला मिनिमलिझम म्हणतील. मी लहानपणापासून घरी भजन ऐकलंय. एकच चरण टाळकऱ्यांनी धरला की दहाव्या फेरीला शब्दाचा अर्थ संपतो, विसाव्याला कंटाळा येतो, आणि त्यानंतर काहीतरी उघडतं, ते या गाण्यातही उघडतं. "ती मला घरी नेते आहे", इतकी साधी ओळ. शेवटी ड्रम येतात तेव्हा घर आलेलं असतं. ओवी, तुम्ही "आधी लागलं पाहिजे" म्हणालात ना, हे लावून बघा. कळण्यासारखं त्यात काही नाहीच.

तेव्हा रॉन ५७ वर्षांचा होता. त्या वयात जमलेला ठेका सोडून देणं सोपं नसतं. मी स्वतः त्या वयाचा आहे आणि सुतारकामाच्या माझ्या धंद्यात जुनी पद्धत सोडून पाहिली आहे, म्हणून बोलतो.

---

शेवटची_लोकल | सोम, ०२/०६/२०२५ - ००:२०

अनुमोदन! 'किमोनो' दोनदा ऐकली. 'टॅलेंट इज ॲन ॲसेट' कळायला वेळ लागला: लहानग्या आइन्स्टाइनच्या घरची माणसं त्याला कुणात मिसळू देत नाहीत, हा मुलगा वेगळा आहे म्हणून. कळल्यावर फार आवडलं.

आता मूळ ब्रिटिश तबकडी हवीशी वाटतेय. परदेशातून येणाऱ्या एका स्नेह्यांना सांगणार आहे. ओळखायची कशी?

---

ओवी | सोम, ०२/०६/२०२५ - २२:५०

सह्यकडा, कंदील, दोघांचे आभार.

'मदर अर्थ' आवडलं, सहज आवडलं. 'माय बेबीज टेकिंग मी होम' आज ऑफिसमधून परत येताना ठाण्याच्या गाडीत लावलं. कळव्यापर्यंत मला कंटाळा आला होता. मग गाडी खाडीपुलावर थांबली, बराच वेळ. बाहेर अंधार, पाऊस सुरू होत होता, आणि तो तेच म्हणत राहिला. ड्रम आले तेव्हा गाडी हलली. माझे डोळे भरून आले, का ते सांगता येणार नाही.

'हिअर इन हेवन' मात्र अजूनही मला फक्त हुशार वाटतं. तिथे मी तुमच्याशी सहमत नाही, आणि बहुधा होणारही नाही.

---

कंदील | मंगळ, ०३/०६/२०२५ - ०८:१५

ओवी, खाडीपुलाचं वाचून फार बरं वाटलं. 'हिअर इन हेवन'वरची असहमती राहू दे, त्यात काही बिघडत नाही.

@शेवटची_लोकल, स्नेह्यांना हे सांगा: मूळ 'किमोनो'चा क्रमांक आयएलपीएस ९२७२, मधल्या कागदावर गुलाबी कडा आणि ताडाचं झाड. १९७५नंतरच्या छपाईवर आयलंडने मधला कागद बदलला. ब्रिटनमध्ये ही खूप विकली गेली होती, त्यामुळे जुन्या दुकानांत सहज दिसते, घाईने महाग घेऊ नका. प्रत उजेडात तिरकी धरून चरे बघायला सांगा, विशेषतः पहिल्या बाजूच्या सुरुवातीला. लोकांनी तिथे सुई फार वेळा टेकवली आहे, पहिलं गाणं तेच असल्यामुळे. आणि आयलंडशी तुटलेलं नातं २०२३ला 'लाटे'च्या वेळी पुन्हा जुळलं, तेव्हा जमलं तर दोन्ही शेजारी ठेवा.

खलाशीकाका, एक विनंती. तुमची हिरवी तबकडी नाण्याशिवाय एकदा चांगल्या सुईवर वाजवून तिचं ध्वनिमुद्रण करून ठेवू या का? मी दादरला असतो, माझं मशीन घेऊन तुमच्याकडे येऊ शकतो.

---

गिरगावचा_खलाशी | मंगळ, ०३/०६/२०२५ - ०८:४०

रविवारी या. चारनंतर. पुठ्ठे अजून तेच आहेत.